बर्नीचा तास

मला दुखत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण पहिलं तेच विचारतो आणि मी "नाही" म्हटलं की त्याला हायसं वाटतं. बेंबीच्या खाली मला काहीच कळत नाही. गरम नाही, गार नाही, चिमटा काढलेला नाही. खरं सांगायचं तर पहिले कित्येक महिने बेंबीच्या वरही फारसं काही कळत नव्हतं. लोक म्हणायचे, मृणाल किती धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता, मी नुसती बधिर झाले होते.

कोणाच्या घरी असं काही झालं असेल तर त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे. औषधांची नावं यात सापडणार नाहीत. ती डॉक्टर सांगतात. जे डॉक्टर सांगत नाहीत तेवढंच मी सांगणार आहे.

*

मी नागपूरची. आता आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या लिक्सलिपला कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. नवरा निखिल पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये, बहुतेक काम घरून. क्लोनडॉकिनला एकमेकांना चिकटलेल्या एकसारख्या घरांच्या वसाहतीत आमचं घर आहे.

त्या दिवशी कामावर सकाळपासून उजव्या पायाला मुंग्या येत होत्या. बूट घट्ट झाला असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. संध्याकाळी शॉवरखाली उभी राहिले तर पाय लालबुंद झालेले, पण पाणी गरम आहे हे कळत होतं फक्त हातांना. मी हात लावून बघितला, परत पायावर पाणी घेतलं, परत हात लावला. भीती वाटायला हवी होती. मला वाटलं, गिझरमध्ये काहीतरी बिघाड आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर दोन्ही पाय दुमडले आणि मी उरलेल्या पायऱ्या बसूनच उतरले. खाली निखिल ऑम्लेट करत होता. "अगं, काय करतेयस?" म्हणाला. मी म्हटलं, "पडले नाहीये. पाय संपले."

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर पडून राहणं झालं, तपासण्या झाल्या, आणि मग एक तरुण डॉक्टरीणबाई माझ्या पलंगाच्या कडेवर बसली. निखिलने लगेच माझा हात धरला, कारण तोवर सगळे डॉक्टर उभ्यानेच बोलले होते. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला सूज आली आहे, ती म्हणाली. का आली ते सांगता येत नाही. काही लोक पूर्ण बरे होतात, काही अर्धेमुर्धे, काही होत नाहीत. वर्षभरात चित्र स्पष्ट होईल. निखिलने विचारलं, "म्हणजे साधारण किती टक्के?" मी विचारलं, "सोमवारी कामावर जाता येईल ना?" तिने दोघांकडे बघितलं आणि म्हणाली, "मी तुमच्यासाठी चहा सांगते." या देशात वाईट बातमीनंतर चहा येतो. बरोबर लोणी लावलेला टोस्टही येतो, आणि तो मी सगळा खाल्ला.

*

हॉस्पिटलात रोज एक परीक्षा असायची. डोळे मिटायचे आणि डॉक्टर पायाला पिन किंवा कापूस लावायचे. टोचतंय की नाही ते आपण सांगायचं. मला काहीच कळायचं नाही. पण आम्ही शाळेपासून एकही प्रश्न कोरा न सोडलेली माणसं! मी अंदाजाने ठोकून द्यायचे. टोचतंय, नाही, टोचतंय. एकदा तर चांगले मार्क पडले आणि डॉक्टर खूश झाले. फिजिओथेरपिस्टने मला उभं करायला घेतलं तेव्हा मी पोत्यासारखी खाली गेले आणि माझं बिंग फुटलं.

"मृणाल, तुला कळत नसेल तर कळत नाही म्हण," डॉक्टर म्हणाले. "इथे कोणी नापास होत नाही."

मी हो म्हटलं. पण सवय काही गेली नाही, आणि ती पुढे फार महागात पडली.

*

घरी आले ती चाकाच्या खुर्चीतून. झोपायच्या खोल्या आणि बाथरूम वरच्या मजल्यावर, खाली फक्त एवढासा संडास. म्हणून समोरच्या बैठकीच्या खोलीत पलंग टाकला. अंघोळ म्हणजे पलंगावरच, दोन बेसिन पाणी आणि टॉवेल. लघवीची नळी, पोट साफ करणं, कुशीवर वळवून पाठीला जखम होत नाही ना ते बघणं. हे सगळं करायला सरकारी आरोग्यसेवेकडून रोज सकाळी बर्नी यायची.

बर्नी साठीची, ठेंगणी, हात कायम उबदार. बाहेर आडवा पाऊस लागलेला असला तरी आत येताना म्हणायची, "ग्रँड मॉर्निंग, पेट!" इथे छान असेल ते सगळं "ग्रँड", आणि लाडाचं माणूस "पेट". मग समोरच्या खोलीचं दार लागायचं आणि तासभर ते उघडायचं नाही. निखिल तेवढ्यात स्वयंपाकघरात बसून ऑफिसची कामं उरकायचा. बर्नी माझे केस विंचरायची, वेणी घालायला शिकली होती, आणि शेवटी कपाळाला टिकली लावून दोन पावलं मागे जाऊन बघायची. "थोडी डावीकडे गेली," म्हणून पुन्हा काढायची.

दार उघडलं की निखिल दोन कप कॉफी घेऊन यायचा. पलंगावर पाय वर घेऊन बसायचा आणि ऑफिसातल्या लोकांच्या नकला करायचा. दाराच्या आत काय चालतं ते त्याने कधी बघितलं नव्हतं, मी बघू दिलं नव्हतं. माझं सगळं गेलेलं असताना एवढं एक शिल्लक होतं. तेव्हा ते एवढं मोलाचं आहे हे मला कळलं नव्हतं.

*

आई नागपूरहून आली. व्हिजिटर व्हिसावर, थोड्या महिन्यांसाठी. ती असतानाच फोन आला की मिळणाऱ्या मदतीची फेरपाहणी करायला नर्सबाई येणार आहेत.

मग काय, आमच्या घरात मुलगी बघायला यावेत तशी तयारी सुरू झाली. निखिलने खिडक्या पुसल्या. नळीची पिशवी, हातमोज्यांचे खोके, चादरीखाली घालायची कापडं असं सगळं उचलून प्रेसमध्ये कोंबलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आम्हीही आता तेच म्हणतो. बर्नी माझं आवरून गेल्यावर आईने मला जांभळा कुर्ता घातला, कानात मोती घातले.

"कशाला गं आई? सरकारी बाई आहे ती."

"असू दे नं. घरी येऊन राहिली नं ती? चार शब्द चांगले बोलून जाईल."

नर्सबाई भल्या होत्या. आईने त्यांना पोहे दिले, वर खोबरं, बाजूला लिंबाची फोड. चहा दिला. आणखी थोडे पोहे दिले. त्यांनी मला विचारलं, "रोजचं कसं जमतंय?" मी म्हटलं, "ग्रँड." रात्री? "ग्रँड." निखिलकडे बघून विचारलं, तो म्हणाला, "वी आर मॅनेजिंग." आईला इंग्रजी बेताचं येतं, पण तिने जोरजोरात मान हलवून सांगितलं, "नो प्रॉब्लेम. फॅमिली. फुल फॅमिली."

बाई गेल्या आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघून हसलो. छान झालं, आई म्हणाली. मलाही वाटलं, पास झाले.

आई परत गेली आणि थोड्याच दिवसांत फोन आला. आमच्या भागात घरी मिळणाऱ्या मदतीचे तास कमी करण्यात येत आहेत. ज्यांच्या घरचे लोक उत्तम सांभाळत आहेत त्यांच्यापासून सुरुवात आहे. बर्नी यापुढे आठवड्यातून दोनदाच येईल.

मी "थँक यू सो मच" म्हणून फोन ठेवला. खरंच म्हणाले.

*

उरलेल्या दिवशी निखिल करायला लागला. करणार कोण दुसरं?

आणि त्याने ते इतकं नीट केलं की मला बोलायला जागा राहिली नाही. बर्नीकडून सगळं शिकून घेतलं. पाणी स्वतःच्या कोपराला लावून बघायचा. "आता डावीकडे वळवतो हं," म्हणायचा, आणि मगच वळवायचा. पाठीवर कुठे लाल झालंय का ते उजेडात वाकून बघायचा. कधी चिडला नाही, कधी तोंड वाकडं केलं नाही. बँकेतल्या काउंटरवर बोलतात त्या आवाजात माझ्याशी बोलायचा.

कॉफी यायची, पण एकच कप. तो टेबलावर ठेवून पळायचा, कारण ऑफिसची पहिली मीटिंग गाठायची असायची. नकला बंद झाल्या. संध्याकाळीही माझ्याकडे बघताना तो आधी पायांकडे बघायचा, मग चादरीकडे, मग नळीकडे. तोंडाकडे बघायचा तोपर्यंत त्याचं बघून झालेलं असायचं.

मला रडू आलं नाही. मी छताकडे बघत असे आणि मनात म्हणत असे, हा माझा नवरा होता. याला मी पळून जाऊन नव्हे, पण घरच्यांशी बराच आरडाओरडा करून मिळवला होता. आता तो माझी नर्स आहे, आणि नर्स म्हणून अगदी उत्तम आहे.

*

डेक्लन आमच्याच रस्त्यावर राहतो. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला. त्याची बायको मोरा अर्धांगाच्या झटक्याने पडून आहे, तिचीही बर्नीच. तिचेही तास कापले गेले होते. एका दुपारी तो आमच्या दारात उभा राहिला, टोपी हातात, कपड्यांवर पावसाचे थेंब.

"मी बरीच दारं ठोठावलीत. सगळीकडे तेच ऐकतोय," म्हणाला. "बर्नी म्हणाली, तू हुशार आहेस. आम्हाला हुशार माणूस हवाय."

निखिल पुढे आला आणि म्हणाला, "आम्ही बघतो, थँक यू." दार लागल्यावर मला म्हणाला, "आपण कशाला पुढे पुढे करायचं? बाहेरून आलेली माणसं आपण. सरकार देतंय तेवढं देतंय."

"टॅक्स भरतोस ना तू?"

"तो मुद्दा नाहीये."

"मग कुठला आहे?"

त्याने चादर सारखी केली.

मी डेक्लनला फोन करून हो म्हटलं. एवढं बधिर असण्याचा एक फायदा असतो, संकोच कमी वाटतो. शनिवारी आम्ही शॉपिंग सेंटरच्या दाराशी टेबल मांडून, कापलेले तास परत मिळावेत म्हणून सह्या गोळा करायचो. डेक्लन ओरडायचा, मी खुर्चीत बसून हसायचे, बर्नी स्वतःच्या सुट्टीच्या वेळात येऊन सगळ्यांना फ्लास्कमधला चहा पाजायची. येणारेजाणारे माझ्या खुर्चीकडे बघून सही करायचे. आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवरही मी लिहिलं. एका दिवसात आठवड्याभराचे डबे ठरले. वरणभात, भरली वांगी, कोणी पुरणपोळ्यासुद्धा पाठवल्या. ते मी कधी विसरणार नाही. सह्या मात्र कमी आल्या. एक मैत्रीण हळूच म्हणाली, "अगं, आमचा सिटिझनशिपचा अर्ज आत आहे. नाव कुठे यायला नको." दुसरी म्हणाली, "आणि निखिल इतकं करतो तुझं! नशीबवान आहेस." मला तिच्या अंगावर वांग्याची भाजी फेकावीशी वाटली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी करावंसं वाटलं होतं.

*

मग सभा ठरली. हे तास काउन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, ठरवत नाही, आरोग्यसेवा ठरवते. पण काउन्सिलरांनी लावून धरलं की वरचे लोक ऐकतात, असं डेक्लनचं म्हणणं होतं. चर्चशेजारच्या हॉलमध्ये काउन्सिलर येणार होते, आरोग्यसेवेचे एक अधिकारीही येणार होते.

"तू बोल," डेक्लन मला म्हणाला.

मी ऑफिसच्या प्रेझेंटेशनसारखे मुद्दे काढले. घरच्यांवर पडणारा भार, लांबणीवर पडलेलं माझं कामावर परतणं, हॉस्पिटलात पुन्हा जावं लागण्याचा धोका. डेक्लनने वाचून डोकं खाजवलं. "छान आहे हे. पण ते यापेक्षा छान मुद्दे घेऊन येतील. तू तुझी सकाळ सांग फक्त."

हॉल भरलेला. निखिलने मला पुढे नेऊन ब्रेक लावले आणि मागे चहाच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. अधिकारी आधी बोलले. शांत, सभ्य माणूस. म्हणाले, या भागातली कुटुंबं ज्या प्रेमाने आपल्या माणसांचं करतात ते बघून मन भरून येतं. मग माझं नाव घेतलं गेलं.

मी मुद्द्यांकडे बघितलंच नाही. म्हणाले, "माझा नवरा मला अंघोळ घालतो. माझं पोट साफ करतो. माझी नळी बदलतो. तो हे सगळं फार छान करतो, यांनी सांगितलं तसं प्रेमानेच करतो. माझी तक्रार तीच आहे."

कोणीतरी हसलं.

"बर्नी यायची तेव्हा ती माझी नर्स होती आणि तो माझा नवरा होता. तुम्ही बर्नीला नेलंत, त्याबरोबर तोही गेला. मला नर्स दुसरी मिळेल. नवरा कुठून आणू?"

मी हे इंग्रजीत बोलले. मराठीत मला बोलता आलं नसतं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी डोळे पुसायला लागली, डेक्लन खाली मान घालून उभा होता. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मी मागे बघितलं. चहाच्या टेबलाशी निखिल नव्हता.

डेक्लनने माझी खुर्ची बाहेर नेली, तेव्हा निखिल गाडीत बसला होता. त्याने मला उचलून सीटवर बसवलं, पट्टा लावला, खुर्ची घडी करून मागे टाकली. घराशी आल्यावर म्हणाला, "एवढं सगळ्यांसमोर?"

"हो."

"मला आधी सांगायचंस."

"तुला सांगण्यासारखं कुठे काही राहिलंय निखिल? तू आलास की मी रिपोर्ट देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाणी कोपराला लावून बघितलं. "डावीकडे वळवतो हं," म्हणाला, आणि वळवलं. आवाज तोच, बँकेतला. मी छताकडे बघितलं. वाटलं, जे थोडंफार उरलं होतं तेही मी त्या हॉलमध्ये घालवून आले.

*

सभेचा परिणाम एवढाच झाला की कापलेल्या तासांची पुन्हा पाहणी करायचं ठरलं. एवढ्यावरही डेक्लनने पबमध्ये पार्टी दिली.

त्याच नर्सबाई येणार होत्या. त्या सकाळी निखिल उशा सारख्या करायला लागला.

"राहू दे," मी म्हटलं. तो उशी हातात घेऊन तसाच उभा राहिला. मी जुन्या गाऊनमध्ये होते, केस तेलकट, नळीची पिशवी समोर लटकलेली. आईचा नागपूरहून फोन आला, "अवं, चहा तरी देजो बाई तिले." म्हटलं, "चहा देते, पोहे नाही." आई रुसली.

नर्सबाईंनी एकेक विचारायला सुरुवात केली. स्वतः धुता येतं का? नाही. कुशीवर वळता येतं का? नाही. प्रत्येक "नाही"ला माझी जीभ अडखळत होती. मग त्यांनी निखिलला विचारलं, "आणि तुम्हाला हे सगळं जमतंय?"

मला माहीत होतं तो काय म्हणणार ते.

"जमतं," तो म्हणाला. "मला सगळं जमतं. पण मला नकोय हे." त्याचा आवाज फाटला. "आय डोन्ट वॉन्ट टू. ती माझी बायको आहे. मला आता तिच्याकडे बघितलं की कामं दिसतात."

नर्सबाईंनी पेन खाली ठेवलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. ज्या माणसावर मी महिनोन्‌महिने मनातून रागावले होते, तोही तिथेच अडकला होता, आणि आम्ही दोघं सभ्यपणाने गप्प बसलो होतो. मला रडू आलं. आजारपणात पहिल्यांदाच, आणि अगदी नाक गळेपर्यंत.

*

शनिवार-रविवार सोडून बर्नीच्या सगळ्या सकाळी परत मिळाल्या. मोराच्या अजून निम्म्याच मिळाल्या आहेत, म्हणून शनिवारचं टेबल चालू आहे. पाय जसे होते तसेच आहेत. वर्ष उलटून गेलं, चित्र स्पष्ट झालं. त्याबद्दल पुन्हा कधी लिहिता आलं तर लिहीन.

बर्नी परत आली त्या दिवशी सकाळी समोरच्या खोलीचं दार लागलं. मोकळ्या मिळालेल्या वेळात निखिल स्वयंपाकघर आवरायला लागला, आणि भांडी लावता लावता मला ऐकू जाईल असं सहज म्हणाला, "तुझा तो डोशांचा तवा गंजलाय गं."

"गंजेल कसा? निखिल, तो डिशवॉशरमध्ये घातलास का?"

"सगळंच घालतो."

"बिडाचा तवा! आईने सामानात बसेना म्हणून हातातून आणलेला!"

"मग मला कसं कळणार? तू कधी सांगितलंस?"

"दहा वर्षं त्या तव्यावरचं खातोयस तू, मी तो कसा धुते ते कधी बघितलं नाहीस?"

"नाही बघितलं! मी काय तवे बघत बसू? सकाळपासून रात्रीपर्यंत..."

"ओरडू नकोस!"

"तू ओरडतेयस!"

बर्नी ओला टॉवेल हातात धरून थांबली होती. एक शब्द कळत नसताना ती सगळं ऐकत होती. पलीकडे भांडं आदळलं. निखिलची पावलं दारापर्यंत आली, "आणि एक सांगतो," म्हणून काहीतरी बोलणार होता, मग दार बंद आहे हे लक्षात आलं असावं. पावलं परत गेली. पुन्हा भांडं आदळलं.

बर्नीने माझी वेणी घातली, टिकली लावली, दोन पावलं मागे जाऊन बघितली. मग कोट चढवत हलक्या आवाजात म्हणाली, "पेट, मी थोडं थांबू का? तो शांत होईपर्यंत?"

"नको नको," मी म्हटलं. "तू जा. आणि जाताना दार उघडं ठेव. आमचं अजून संपलेलं नाही."